पाच महिन्यांची नगरपरिषद: कल्याणची २७ गावे आणि शहापूर-मुरबाड

२४ जून २०२० रोजी राज्य शासनाने एक अधिसूचना काढली. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतून १८ गावे वगळण्यात आली आणि त्यांची ‘कल्याण उपनगर’ नावाची स्वतंत्र नगरपरिषद होणार, असे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ही वगळणी रद्द ठरवली. या नगरपरिषदेची निवडणूक झाली नाही आणि तिला नगराध्यक्षही लाभला नाही. जेमतेम पाच महिने ती कागदावर जगली.

या पाच महिन्यांमागे मात्र सदतीस वर्षांचा इतिहास आहे. त्यामागे आणखी शंभर वर्षांचा एक जुना प्रश्नही आहे: वाढत्या शहराने वेढलेले गाव गावासारखे राहून स्वतःची नगरपालिका चालवू शकते काय? आजची मालिका याच प्रश्नावर आहे. शहापूर आणि मुरबाडच्या वाचकांनी ती जरा सावकाश वाचावी, कारण त्यांच्या दारातही हाच प्रश्न २०१५ च्या सुमारास येऊन उभा राहिला आहे.

प्रथम भूगोल. कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीच्या बाहेर पडले की दोन्ही अंगांना उंच इमारतींच्या रांगा लागतात. त्या रांगांच्या मागे, कधी अगदी दोन इमारतींच्या फटीतून दिसावीत अशी, गावे आहेत. भोपर, संदप, उसरघर, घारीवली, काटई, निळजे, कोळे, हेदुटणे, माणगाव, घेसर ही त्यांतली काही. दुसरीकडे, मलंगगडाच्या रस्त्याच्या बाजूला द्वारली, भाल, वसार, आशेळे-माणेरे ही नावे येतात. वस्ती प्रामुख्याने आगरी. भाताची खाचरे, गावदेवीचे देऊळ, एखादे तळे आणि घराला घर लागून असलेले गावठाण, असा त्यांचा मूळचा तोंडवळा.

‘गावठाण’ हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बरेचसे भांडण त्यातूनच उगवते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी केली, ती शेतसारा ठरवण्यासाठी. शेताला क्रमांक मिळाला, आकारणी मिळाली, पुढे सातबारा मिळाला. माणसे जिथे राहत होती तो तुकडा मात्र सारा देणारा नव्हता. त्याला बाहेरून एक रेघ मारून तसाच सोडून दिले. आत कोणाचे घर किती, अंगण कुठवर, पडवी कोणाची, याची सरकारी नोंद बहुतेक ठिकाणी झालीच नाही. गावाला ती ठाऊक होती, तेवढे पुरत असे. शहर येऊन भिडले की मात्र ते पुरत नाही. बांधकाम परवाना मागायला गेलेल्या माणसाकडे पहिला कागद मागितला जातो तो मालकीचा, आणि तोच त्याच्यापाशी नसतो.

आता थोडे मागे जाऊ. ठाणे जिल्ह्यातील नगरपालिका देशातील जुन्या नगरपालिकांपैकी आहेत. कल्याणची १८५५ सालची, ठाण्याची १८६३ ची, वांद्र्याची १८७६ ची. वांद्रे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, हे आज अनेकांना नवल वाटेल. साष्टी बेट १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग होते. त्या वर्षी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि वांद्रे-कुर्ल्याचा ठाण्याच्या कचेरीशी संबंध संपला.

त्या काळची वांद्र्याची नगरपालिका म्हणजे काही पाखाड्या, कोळीवाडा, चर्च, भाताची शेते आणि नव्याने येऊ लागलेले बंगले. कुर्ल्यात गिरणी होती, बाजार होता, पण भोवती सारी खेडीच. मुंबई शहराच्या शेजारी ही छोटी नगरे आपापल्या दिवाबत्तीचा, रस्त्यांचा आणि घरपट्टीचा कारभार पाहत होती. शहराच्या इतक्या जवळ राहून शहराचे नसणे, ही स्थिती पाऊणशे वर्षे टिकली. १५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती दहिसर आणि मुलुंडला पोहोचली. वांद्रे नगरपालिका संपली, कुर्ल्याची संपली. त्यांच्या हद्दीतील गावठाणे मात्र आजही आहेत. रणवार, चिंबई, पाली ही वांद्र्यातील नावे नकाशावर आहेत, ती नगरपालिका गेल्यावर मागे उरलेल्या गावांची.

या विलीनीकरणाविषयी हळहळणारे लिखाण पुष्कळ झाले आहे. ते वाचताना एक गोष्ट विसरू नये. मोठ्या महापालिकेपाशी लहान नगरपालिकेला परवडणार नाही अशी एक वस्तू होती: पाणी. आणि ते पाणी शहापूर तालुक्यातून येत होते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. तेव्हापासून मुंबईची तहान भागवण्याचे काम शहापूरच्या डोंगरांनी केले आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली, २०१४ साली मध्य वैतरणा आली. उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरतात, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

शहापूर आणि मुरबाड त्या काळी काय होते? तालुक्याच्या कचेरीची गावे. कोळवण हे या डोंगराळ मुलखाचे जुने नाव. शहापूरच्या माथ्यावर माहुलीचा किल्ला, जिथे १६३६ च्या सुमारास शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड केली. आगगाडी १८५५ साली वासिंदला, १८६१ साली कसाऱ्याला आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीला गेली. शहापूरला ती आसनगावच्या रूपाने चाटून गेली. मुरबाडला ती अजूनही पोहोचलेली नाही. तिथे बाजार भरे, म्हसाला पौष पौर्णिमेची जत्रा भरे, बैलांचे सौदे होत. तरीही ते गाव म्हणजे गावच राहिले.

मुरबाड तालुक्याचा आणि छोट्या नगरपालिकांचा एक धागा मात्र विलक्षण आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. माथेरानची नगरपालिका १९०५ सालची, बाजारपेठ एका रस्त्याची, आणि भोवती सगळे जंगल. अशा गावासारख्या नगरपालिकेतून सार्वजनिक कामाला लागलेला हा माणूस सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह गोळीला बळी पडला.

स्वातंत्र्यानंतर गावाला कायद्याने एक नवी वस्तू मिळाली आणि या साऱ्या कथेचा कणा तीच आहे: ग्रामसभा. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण या सभेचा सदस्य असतो. पुढील दुरुस्त्यांनी तिच्या बैठकांची संख्या ठरली, त्यांच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे आले, लाभार्थी निवडणे आले. या सभा कशा चालतात ते गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे. पुष्कळदा गणसंख्या भरत नाही, पुष्कळदा ठराव आधीच लिहून आणलेला असतो. तरीही ओट्यावर उभे राहून सरपंचाला तोंडावर हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक प्रौढाला आहे. नगरपालिकेत असा हक्क रुजलेला नाही. नगरवासी पाच वर्षांनी मत देतो आणि मधल्या काळात अर्ज करतो.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली आणि अंबरनाथ ही नगरे, बदलापूरचा परिसर आणि आजूबाजूची अनेक खेडी एका झटक्यात एका छताखाली आली. पुढे चर्चेत आलेली २७ गावेही त्यांत होती. त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि त्यांच्यासोबत ग्रामसभाही गेल्या. शेतात पीक तेच होते, घरे तीच होती. फक्त घरपट्टीची पावती आता कल्याणहून येऊ लागली.

गावकऱ्यांची तक्रार तेव्हापासून एकसारखी आहे: कर शहराचा, सोयी गावाच्याही नाहीत. ही तक्रार सगळीच खरी मानायला नको, पण तिच्यात तथ्य होते. महापालिकेच्या तिजोरीवर आधी डोंबिवलीसारख्या फुगत चाललेल्या वस्तीचा हक्क बसला होता. भोपर-संदपची पाळी शेवटी येत असे. त्यातच विकास आराखड्यांची भीती होती. आपल्या भातखाचरावर एखाद्या बगिच्याचे किंवा डेपोचे आरक्षण पडणार, आणि तेही आपल्याला कोणी न विचारता, ही भीती. ज्या प्रांतात सिडकोने नवी मुंबईसाठी गावेच्या गावे संपादित केली होती आणि १९८४ साली जासईला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या होत्या, तिथल्या आगरी समाजाला ही भीती कोणी समजावून सांगावी लागत नव्हती.

१९९२ साली अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर महापालिकेतून बाहेर पडले. दोघांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या आणि आजवर टिकल्या. बदलापूरकर आजही आपल्या नगरपालिकेवर यथेच्छ टीका करतात, पण ती त्यांची आहे. या उदाहरणाने २७ गावांच्या मागणीला बळ मिळाले. १९९६ साली महापालिकेचे नाव कल्याण-डोंबिवली झाले, त्यातही गावांना काही आपलेसे वाटावे असे नव्हते. सर्वपक्षीय संघर्ष समिती उभी राहिली. अखेर जुलै २००२ मध्ये २७ गावे महापालिकेतून वगळली गेली आणि ग्रामपंचायती परत आल्या.

इथे कथा संपली असती तर ती विजयाची कथा ठरली असती. पण २००२ नंतरच्या तेरा वर्षांत या गावांचे जे झाले ते अधिक बोधक आहे. महापालिकेची बांधकाम परवानगीची चौकट गेली आणि मुंबईला घर न परवडणाऱ्या माणसांचा लोंढा मात्र थांबला नाही. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर चाळी उठल्या, चाळींच्या जागी इमारती उठल्या. शासनाने २००६ साली या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. म्हणजे ग्रामपंचायत गावाची आणि नकाशा प्राधिकरणाचा. निळज्याच्या बाजूला पलावासारखी, गावांहून कितीतरी मोठी वसाहत उभी राहिली. गावे महापालिकेतून सुटली खरी, पण शहरातून सुटली नाहीत. माझ्या मते संघर्ष समितीच्या युक्तिवादातील सगळ्यात दुबळा भाग हाच होता. स्वतःचा कारभार मागणे एक आणि तो कारभार पेलणारी माणसे, अभियंते, पैसा उभा करणे दुसरे. पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावाचा कारभार एक ग्रामसेवक पाहत होता.

१ जून २०१५ रोजी २७ गावे पुन्हा महापालिकेत आली. याच सुमारास दहा गावांच्या सुमारे १,०८९ हेक्टर जमिनीवर ‘कल्याण विकास केंद्र’ उभारण्याची योजना पुढे आली होती. या दोन गोष्टींचा संबंध किती, हे ज्याने त्याने ठरवावे. गावांत पुन्हा असंतोष उसळला. सप्टेंबरात शासनानेच गावे वगळून वेगळी नगरपरिषद करण्याचा प्रारूप प्रस्ताव काढला, आणि नोव्हेंबरात महापालिकेची निवडणूक गावांसह पार पडली. एकाच वर्षात आत, बाहेर आणि पुन्हा आत.

मग २०२०. या वेळी २७ पैकी १८ गावे वगळली गेली. घेसर, हेदुटणे, उंबरोली, भाल, द्वारली, माणगाव, कोळे, वसार ही त्यांतली काही. आजदे, सागाव, घारीवली, संदप, उसरघर, काटई, भोपर आणि देसलेपाडा यांच्यासह नऊ गावे महापालिकेतच ठेवली. मागणी सगळ्या २७ गावांच्या एका नगरपालिकेची होती, त्यामुळे ही वाटणी कोणालाच रुचली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

न्यायालयाने वगळणी रद्द केली, ती कोणत्या कारणाने हे पाहण्यासारखे आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार हद्द बदलण्यापूर्वी शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे, आणि तो रीतसर झाला नव्हता. कायदेशीरदृष्ट्या हा मुद्दा बिनतोड होता. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात यावी. कायद्याने ज्याला विचारणे बंधनकारक ठरते ती महापालिका आहे. गावांना हरकती आणि सूचना नोंदवता येतात, ठराव पाठवता येतात, मोर्चा काढता येतो. १९८३ साली, २००२ साली, २०१५ साली आणि २०२० साली रेघ ओढणारा हात मंत्रालयातलाच होता. ज्यांच्या अंगणातून ती रेघ गेली, त्यांचे मतदान एकदाही घेण्यात आले नाही.

हा अनुभव केवळ कल्याणचा नाही. वसईत ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायतदार, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती समाज विहिरीच्या पाण्यावर केळी, फुले आणि भाजीपाला पिकवणारा. त्याने ‘गाव वाचवा’ म्हणून मोठे आंदोलन उभे केले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, आणि ती गावे पुढे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या तारखांवर लटकली.

याच्या नेमकी उलट गोष्ट शीळफाट्यापलीकडील १४ गावांची. दहिसर, पिंपरी, नारिवली, बाळे, नावाळी, निघू, वाकळण, भंडार्ली, उत्तरशीव, गोठेघर आदी ही गावे नवी मुंबई महापालिकेत होती. करांच्या विरोधात पेटलेल्या आंदोलनानंतर २००७ साली ती बाहेर पडली आणि पुन्हा ग्रामपंचायतींत गेली. त्यानंतर काय झाले? नवी मुंबईचे पाणी, रस्ते, शाळा डोळ्यांसमोर दिसत होत्या आणि गावात त्या येत नव्हत्या. भोवती गोदामे आणि भंगाराचे अड्डे वाढले. भंडार्लीत ठाणे महापालिकेने भाड्याच्या जागेवर कचरा प्रकल्प सुरू केला. अखेर हीच गावे आम्हाला परत घ्या म्हणू लागली. २०२२ साली तशी घोषणा आणि २०२४ साली अधिसूचना निघाली, तेव्हा नवी मुंबईतील काही लोकप्रतिनिधींनी खर्चाचा बोजा नको म्हणून विरोध केला. गावाला शहर नको होते तेव्हा शहर गावाला सोडत नव्हते, आणि गावाला शहर हवे झाले तेव्हा शहराने कपाळाला आठ्या घातल्या.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार केले. मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद, आणि ग्रामीण स्थितीतून शहरी स्थितीकडे जाणाऱ्या क्षेत्राला नगरपंचायत. नाव पाहा: अर्धे नगराचे, अर्धे पंचायतीचे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात अशा क्षेत्रासाठी दहा ते पंचवीस हजार लोकसंख्या आणि किमान २५ टक्के बिगरशेती रोजगार असे निकष आले. पुढे २०१४ साली राज्याने निराळे धोरण स्वीकारले: तालुक्याचे मुख्यालय असलेल्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायच्या. गाव खरोखर शहर होऊ लागले आहे काय, या प्रश्नाची जागा तिथे तहसीलदाराची कचेरी आहे काय, या प्रश्नाने घेतली. या धोरणात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही नगरपंचायती झाल्या. प्रत्येकी १७ प्रभाग, १७ नगरसेवक, एक मुख्याधिकारी.

मिळाले काय, ते आधी सांगू, कारण टीकाकार ते वगळतात. नगरविकास विभागाचा निधी मिळाला. बांधकाम परवान्यासाठी तांत्रिक माणूस आला. कचरा उचलणे, अग्निशमन, नगररचना या गोष्टी निदान कर्तव्य म्हणून कोणाच्या तरी माथी आल्या. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, शहापूरला महामार्ग आणि जवळच रेल्वे आहे. दोन्ही ठिकाणी लोकवस्ती ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर चालली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि गेले काय? शहापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाड तालुक्यातीलही काही गावे त्यात आहेत. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांचा हा मुलूख. अशा क्षेत्रांसाठी संसदेने १९९६ साली ‘पेसा’ कायदा केला. त्याने ग्रामसभेला गौण वनोपज, जमिनीचे हस्तांतरण, गौण खनिजे, सावकारी, दारूची दुकाने अशा बाबतींत शब्द दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला अठरा वर्षे घेतली. ते आले मार्च २०१४ मध्ये. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागली. तारखा जुळवून पाहाव्यात. ज्या दोन वर्षांत शहापूर तालुक्यातील ग्रामसभांच्या हाती प्रथमच खरे अधिकार आणि पैसा आला, त्याच काळात तालुक्याच्या गावातील ग्रामसभा नगरपंचायत झाल्यामुळे नाहीशी झाली.

घटनेचा आणखी एक कोपरा आहे, तो फारसा कोणी उघडत नाही. अनुच्छेद २४३-यग म्हणतो की नगरपालिकांविषयीचा घटनेचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने कायदा करून, योग्य ते फेरफार करून, तो तिथे न्यायचा आहे. पंचायतींच्या बाबतीत संसदेने पेसा करून हे केले. नगरपालिकांच्या बाबतीत २००१ साली विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. अनुसूचित क्षेत्रातील नगरांचा कारभार राज्याच्या १९६५ च्या कायद्यावर चालतो. जव्हारचे उदाहरण याच जुन्या जिल्ह्यातले. तिथली नगरपालिका संस्थानी काळातील, १९१८ ची, घटनेच्या आधीची. तिची गोष्ट निराळी. शहापूरची नगरपंचायत मात्र घटनादुरुस्तीनंतर दोन दशकांनी आली, आणि या पोकळीतच आली.

गावठाणाच्या नोंदीचेही तसेच. २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. त्याआधी पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केला होता. ज्या घराला दीडशे वर्षे कागद नव्हता त्याला मिळकत पत्रिका मिळण्याची सोय झाली. पण योजना ग्रामीण गावठाणांसाठी आहे. महापालिकेत गेलेल्या गावाला, जिथे जमिनीचा भाव सर्वांत जास्त आणि कागदाची निकड सर्वांत मोठी, तिथे ती लागू नाही. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदाही ग्रामीण भागासाठीच झाला. नगरपंचायतीच्या हद्दीतील कातकरी वाडीचे हात रिकामे असले, तरी कायद्याच्या लेखी ती वाडी शहरात असते.

२७ गावे आणि मुरबाड यांना जोडणारा एक नळ आहे, त्याचा उल्लेख करून थांबतो. या गावांना पाणी येते ते औद्योगिक विकास महामंडळाच्या योजनेतून, म्हणजे बारवी धरणातून. बारवीची उंची वाढवली गेली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत प्रथमच भरले, तेव्हा मुरबाड तालुक्यातील काही गावे आणि पाडे पाण्याखाली गेले. नळाच्या एका टोकाला नगर होऊ की नको म्हणून सदतीस वर्षे भांडणारी गावे आहेत, दुसऱ्या टोकाला ज्यांचे गावच उरले नाही अशी माणसे. मुरबाडमधील काळू नदीवरच्या धरणाचे काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवले होते. तेही महानगराच्या पाण्यासाठीच होते.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. शहापूर आणि आसनगाव यांच्यामधली मोकळी जागा आता फारशी उरलेली नाही. शहापुरात नगरपंचायत आहे, आसनगावात ग्रामपंचायत. आसनगावचा रहिवासी ग्रामसभेत उठून सरपंचाला पाण्याच्या टाकीचा हिशेब मागू शकतो. त्याच रस्त्याने पुढे शहापुरात राहणाऱ्या त्याच्या भावाला तोच प्रश्न मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून आवक कक्षात द्यावा लागतो.